पाडलेल्या विमानांचा ताळा

एरिक हार्टमान 352. गेरहार्ड बार्कहॉर्न 301. गुंथर राल 275. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांची ही यादी माझ्या भाच्याला तोंडपाठ आहे. जेवताना कधीही सुरू होतो, "आत्या, तुला माहितीये का, एकट्यानं तीनशे बावन्न विमानं पाडली!" मी जन्मभर लेखापरीक्षण केलं. त्यामुळे एवढा मोठा आकडा कानावर पडला की कौतुक मागाहून येतं, आधी तोंडातून निघतं, "बरं, पण व्हाउचर कुठंय?"

त्याला हा प्रश्न अपमानास्पद वाटतो. मला मात्र या एका प्रश्नापायी त्या सगळ्या वैमानिकांमध्ये रस निर्माण झाला. आकाशात तीन-चार हजार मीटरवर, काही सेकंदांत जे घडलं ते कागदावर आलं कसं? कुणी लिहिलं, कुणी पाहिलं, कुणी सही केली? हवाई लढाईतल्या एक्क्यांबद्दल, म्हणजे पाच किंवा जास्त विमानं पाडणाऱ्या वैमानिकांबद्दल, वाचताना मी शौर्याची प्रकरणं भराभर चाळते आणि नोंदींच्या प्रकरणावर रेंगाळते. ज्याची त्याची खोड.

15 सप्टेंबर 1940 पासून सुरुवात करू, कारण त्या दिवसाचे दोन्ही बाजूंचे कागद उपलब्ध आहेत. ब्रिटनची लढाई ऐन भरात होती. लंडनवर चालून आलेल्या जर्मन विमानांपैकी 185 पाडल्याचं ब्रिटिशांनी त्या रात्री जाहीर केलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत हाच आकडा मोठ्या टायपात झळकला. युद्ध संपल्यावर जर्मनांची स्वतःची दप्तरं हाती लागली, त्यात त्या दिवसाचं नुकसान निघालं साठच्या आसपास. एकाचे तीन झाले होते!

एखाद्या शाखेत असा फरक सापडला असता तर मी सरळ कपाटाच्या किल्ल्या मागितल्या असत्या. पण इथे कुणी पैसे खाल्लेले नव्हते. त्या दिवशीचं एक डॉर्निअर 17 बॉम्बर बघा. ते मध्य लंडनवर पोचलं तोवर कित्येक ब्रिटिश वैमानिकांनी त्याच्यावर गोळ्या झाडून झाल्या होत्या. त्याच्या चालकानं आधीच पॅराशूटनं उडी टाकली होती, विमान आपलं सरळ उडत राहिलं होतं. शेवटी 504 स्क्वाड्रनचा रे होम्स समोर आला. त्याच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून त्यानं आपलं हरिकेनच त्या डॉर्निअरच्या शेपटावर घातलं. डॉर्निअर व्हिक्टोरिया स्टेशनच्या आवारात कोसळलं. होम्सचं हरिकेन तिथून जवळच बकिंगहॅम पॅलेस रोडवर इतक्या जोरात घुसलं, की त्याचं इंजिन 2004 साली रस्ता खोदून काढावं लागलं. होम्स पॅराशूटनं खाली आला आणि वाचला. आता सांगा, हे डॉर्निअर कुणाच्या खात्यावर टाकायचं? आधी मारा करणाऱ्यांपैकी प्रत्येकानं गोळ्या लागताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या. प्रत्येकानं उतरून आपापला दावा लिहून दिला. एकही जण खोटं बोलत नव्हता. बेरीज तेवढी चुकली.

ब्रिटिशांच्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या आठ मशीनगन्सना प्रत्येकी 300 गोळ्या असत. घोडा दाबून धरला तर पंधरा सेकंदांत सगळं रिकामं. वैमानिक दोन-तीन सेकंदांचा एक मारा करायचा आणि लगेच मान वळवून मागे बघायचा, कारण त्याच्यासारखाच कुणीतरी त्याच्या शेपटाशी आलेला असायचा. आपण मारलेलं विमान जमिनीवर आदळेपर्यंत बघत बसणारे फार दिवस जगत नसत. त्यात जर्मन मेसरश्मिट 109 पूर्ण ताकदीनं खाली सूर मारायचं तेव्हा त्याच्या इंजिनातून काळा धूर निघायचा. वरून पाहणाऱ्याला वाटे, पेटलं. ते ढगाखाली जाऊन सरळ व्हायचं आणि चालक संध्याकाळी आपल्या तळावर गरम जेवायचा. इकडे त्याच्या नावावर फुली पडलेली असायची.

आणि जर्मनांचा साठचा आकडा खरा कशावरून? तो शौर्याच्या अहवालातून आलेलाच नाही, म्हणून. तो होता क्वार्टरमास्टर, म्हणजे लष्कराचं भांडार सांभाळणाऱ्या खात्याचा. नवं विमान मागवायचं तर जुनं गेलं असं लिहावंच लागतं, आणि नाही लिहिलं तर नवं मिळत नाही. भांडारपालाच्या मागणीपत्रावर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा कुठल्याच सेनापतीच्या भाषणावर नाही. तेव्हापासून मी एक्क्यांच्या यादीतला प्रत्येक आकडा याच पद्धतीनं बघते. याच्या जमेला समोरच्याच्या भांडारात नावे टाकलेलं सापडतं का?

या कसोटीला सगळ्यात छान उतरतो तो पहिल्या महायुद्धातला मॅन्फ्रेड फॉन रिख्टहोफेन, 'रेड बॅरन'. ऐंशी विमानं. संशोधकांनी त्यातली बहुतेक सगळी ब्रिटिश नुकसानीच्या नोंदींशी जुळवली आहेत, पुष्कळदा मेलेल्या वैमानिकाच्या नावानिशी. हा माणूस हिशेबाला पक्का होता. वेळ, ठिकाण, विमानाचा प्रकार असं सगळं अहवालात लिहायचा. जमलं तर पाडलेल्या विमानाच्या कापडावरचा क्रमांक कापून आणून खोलीत भिंतीवर लावायचा. प्रत्येक विजयामागे बर्लिनच्या एका जवाहिऱ्याकडून छोटासा चांदीचा पेला करून घ्यायचा, त्यावर तारीख आणि विमानाचा प्रकार कोरलेला. साठ पेले झाले आणि युद्धामुळे चांदी मिळेनाशी झाली, तेव्हा त्यानं पेले थांबवले. स्वतःच्या माणसं मारण्याची अशी चांदीची पावती ठेवणं मला किळसवाणं वाटतं. नोंद म्हणून मात्र ती उत्तम, हेही कबूल करावं लागतं.

पण त्याचा हिशेब जुळण्यामागे त्याचा नीटनेटकेपणा हे एकच कारण नव्हतं. पश्चिम आघाडीवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहायचा, आणि ब्रिटिशांचं धोरण होतं की लढाई शत्रूच्या हद्दीत जाऊन करायची. त्यामुळे बहुतेक झटापटी जर्मन बाजूच्या आकाशात होत. पडलेलं ब्रिटिश विमान जर्मनांच्या शेतात पडायचं. सायडकार घेऊन जा, अवशेष मोजा, क्रमांक टिपून घ्या. ब्रिटिश वैमानिकानं पाडलेलं जर्मन विमानही जर्मन शेतातच पडायचं, ते बघायला कोण जाणार? मग ब्रिटिशांनी दोन रकाने केले. एक 'नष्ट' आणि दुसरा 'ताबा सुटून खाली गेलेलं'. दुसऱ्या रकान्यातलं विमान शेवटचं दिसलं तेव्हा भेलकांडत, गिरक्या घेत खाली चाललेलं होतं, एवढंच नक्की असे. त्यातली कित्येक विमानं खाली जाऊन सावरत असत, कारण मुद्दाम गिरकी घेणं ही सुटकेची सर्रास युक्ती होती.

आपला इंद्रलाल रॉय इथेच येतो. कलकत्त्यात 1898 साली जन्मलेला, लंडनमध्ये शिकलेला. डिसेंबर 1917 मध्ये त्याचं विमान कोसळलं, तो जबर जखमी झाला. पुढे उड्डाणाला अपात्र ठरवला गेला, तरी खटपट करून 40 स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. 6 ते 19 जुलै 1918, एवढ्या दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. 22 जुलैला फ्रान्समध्ये कारव्हॅंजवळ तो मारला गेला तेव्हा वय होतं एकोणीस. आपल्याकडे दरवेळी लिहिलं जातं, 'दहा विमानं पाडणारा पहिला भारतीय एक्का'. खतावणी उघडली तर दहापैकी पाच 'नष्ट', पाच 'ताबा सुटलेली', आणि दोन्हींत एकेक दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेलं. हे सांगितलं की काही लोकांना मी त्याचं मोठेपण कमी करतेय असं वाटतं. अहो, त्याच्या पलटणीतल्या गोऱ्या वैमानिकांचे आकडेही याच दोन रकान्यांचे बनलेले आहेत! सगळ्यांना एकच नियम लावला तर तो त्यांच्याच रांगेत उभा राहतो, आणि तेही एस.ई.5ए विमानातून आघाडीवर लढायला जेमतेम महिनाभर मिळालेला असताना.

रकाना शिथिल असला तर अडाणी गोंधळ होतो. पण वरून साहेबाची इच्छा असली तर काय होतं, त्याचं उदाहरण आहे आल्बर्ट बॉल. हा 44 विजयांचा ब्रिटिश एक्का 7 मे 1917 ला संध्याकाळी ढगात शिरला. जमिनीवरच्या एका जर्मन अधिकाऱ्यानं त्याचं विमान ढगाखालून उलटं, पंखा थांबलेल्या अवस्थेत येताना पाहिलं. बॉलच्या अंगावर गोळीची एकही जखम नव्हती. जर्मनांनी मात्र श्रेय दिलं लोथार फॉन रिख्टहोफेनला, म्हणजे बॅरनच्या धाकट्या भावाला. लोथारचा त्या संध्याकाळचा दावा होता तीन पंखी सॉपविथ विमानाचा. बॉल उडवत होता दोन पंखी एस.ई.5. लढाईच्या धुमश्चक्रीत चूक होते हे मला मान्य आहे, पण पंखांच्या दोन मजल्यांचे तीन होत नाहीत. शत्रूचा नामांकित वीर नामांकित घराण्याच्या हातून पडला की वर्तमानपत्रात शोभतं, बाकी काही नाही.

थोरल्या भावाच्या मरणाची नोंदही तशीच. 21 एप्रिल 1918, एकच गोळी. रॉयल एअर फोर्सनं श्रेय लिहिलं कॅनडाचा वैमानिक रॉय ब्राऊन याच्या नावावर. नंतरच्या बहुतेक अभ्यासकांचा कौल जमिनीवरच्या ऑस्ट्रेलियन तोफचींच्या बाजूनं आहे. सगळ्यात गाजलेली नोंद, आणि तीच बहुधा चुकीच्या खात्यावर.

फ्रेंच त्या मानानं खाष्ट. त्यांना बाहेरचे साक्षीदार लागत. रने फाँकचे 75 मंजूर झाले, त्याचा स्वतःचा दावा होता त्याहून कितीतरी जास्त. कॅनडाच्या बिली बिशपचं उलट. 2 जून 1917 ला पहाटे तो एकटाच एका जर्मन तळावर हल्ला करून आला आणि तीन विमानं पाडल्याचं सांगितलं. साक्षीदार नाही, तरी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यावरचा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

आता तो 352. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धात नियम होता, एक विमान, एकच मानकरी. ब्रिटिश अर्धं, पाव असं वाटून देत. म्हणून जॉनी जॉन्सनच्या नावापुढे 34 आणि शिवाय वाटून घेतलेली सात असं लिहावं लागतं. जर्मन अपूर्णांक मानत नसत. दावा करायचा तर छापील अर्ज भरायचा. वेळ, जागा, उंची, विमानाचा प्रकार, पेटलं की तुकडे झाले, किती गोळ्या लागल्या, हवेतला साक्षीदार कोण, जमिनीवरचा कोण. कागद बर्लिनला जायचे आणि मंजुरी यायला कधीकधी महिनेच्या महिने लागत. माझ्या खात्यात असा अर्ज असता तर मी त्याला फ्रेम केली असती.

पण अर्ज कितीही चांगला असो, साक्षीदार आपल्याच पंगतीतला असला की काय होतं ते ऑगस्ट 1942 मध्ये उत्तर आफ्रिकेत दिसलं. जेजी 27 या जर्मन तुकडीतले काही वैमानिक एकत्र उडायचे आणि घसघशीत विजय घेऊन परतायचे, साक्षीला एकमेकंच. त्यांच्याच सहकाऱ्यांना संशय आला. हे लोक वाळवंटात जाऊन वाळूवर गोळ्या रिकाम्या करत होते! गोळ्यांचा खप दाखवायला हवा ना. त्या टोळक्याची फाटाफूट करण्यात आली. हा प्रकार वाचला तेव्हा मी खळखळून हसले. बनावट प्रवासभत्त्याची बिलं अगदी अशीच असतात. एकाच हॉटेलात उतरलेले चौघं एकमेकांच्या पावतीवर सही करतात.

हार्टमानवर कुणी असा आरोप केलेला नाही. त्याच्या काही दाव्यांना समोरच्या सोव्हिएत नुकसानीत जोड सापडत नाही, असं अभ्यासक म्हणतात आणि ते मला स्वाभाविक वाटतं. 1945 च्या वसंतात तर बर्लिनची मंजुरी देणारी यंत्रणाच कोलमडली होती. पण तीनशेतले चाळीस, पन्नास, अगदी निम्मे जरी वजा केले तरी उरतो तो आकडा दोस्त राष्ट्रांकडच्या कुठल्याही वैमानिकापेक्षा मोठाच आहे. मग भाच्याचा प्रश्न योग्य आहे. एवढे कसे?

छेद बघायचा. हार्टमानची उड्डाणं 1404, त्यांपैकी 825 वेळा प्रत्यक्ष गाठ पडली. अमेरिकेचा अव्वल वैमानिक रिचर्ड बाँग. 40 विमानं झाली आणि त्याला आघाडीवरून काढून घरी पाठवलं. ब्रिटिश ठरावीक उड्डाणं झाली की विश्रांतीला किंवा शिकवायला धाडत. जर्मन वैमानिक मरेपर्यंत, लुळा होईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडायचा. बर्लिनकडे बदली माणसंच नव्हती. 267 विमानांचा मानकरी ओट्टो किटेल फेब्रुवारी 1945 मध्ये मेला तो असाच, उडत राहून. त्या याद्यांमधले अवाढव्य आकडे मला जर्मन हवाईदलाच्या ताकदीपेक्षा त्याच्या टंचाईचा पुरावा वाटतात.

आणि हार्टमानची रीतही वेगळी. गरगर फिरत झुंजायचं हे त्याला मंजूर नव्हतं. आधी बघायचं, मग ठरवायचं, मारायचं आणि निघून जायचं. जमत नसेल तर सोडून द्यायचं. समोरच्या विमानानं आख्खी काच भरून जाईपर्यंत जवळ जायचं आणि मगच घोडा दाबायचा. 5 नोव्हेंबर 1942 ला त्यानं पहिलं विमान पाडलं, एक सोव्हिएत इल्यूशिन-2. ते खालून चिलखत नसलेल्या ऑइल कूलरवर मारलं. इतक्या जवळून, की त्याचेच तुकडे उडून हार्टमानच्या इंजिनावर आदळले आणि त्यालाही पोटावर विमान उतरवावं लागलं. पुढेही डझनाहून जास्त वेळा त्याला असं उतरावं लागलं. एकदा पाडलेल्याच्या तुकड्यांमुळे रशियनांच्या हाती लागला आणि जखमी असल्याचं सोंग करून निसटला. युद्धानंतर अमेरिकनांनी त्याला सोव्हिएतांच्या हवाली केलं, तो सुटला 1955 मध्ये. पश्चिम जर्मनीच्या हवाईदलात परतला, तिथे एफ-104 स्टारफायटर विकत घेण्याला त्यानं कडाडून विरोध केला आणि वरिष्ठांशी वाजलं. त्या स्टारफायटरकडे मी पुन्हा येते.

सोव्हिएतांकडे इवान कोझेदूब 62. तिथे एकट्यानं पाडलेली आणि जथ्यानं पाडलेली वेगळी लिहीत, आणि पाडलेल्या विमानामागे रोख रूबल मिळत. पैसा आला की छाननी आलीच, हे सांगायला नको.

सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी नोंद आहे पॅट पॅटलची. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा रॉयल एअर फोर्सचा वैमानिक ग्रीसमध्ये लढत होता. एप्रिल 1941 मध्ये जर्मन फौजा खाली सरकल्या, ब्रिटिशांनी पळ काढला आणि त्या धांदलीत स्क्वाड्रनचे कागद गेले. 20 एप्रिलला एलेउसिसच्या उपसागरावर पॅटल स्वतःच गेला. त्याचे विजय चाळीस की पन्नास, हे आता जोडतोड करूनच काढावं लागतं. ब्रिटिशांमध्ये सर्वात वरचा बहुधा तोच, पण अधिकृत यादीत नाव असतं ते जॉन्सनचं. दप्तर टिकलं त्याचा नंबर वर.

आता स्टारफायटर. 7 सप्टेंबर 1965, सरगोधा. आपल्या हवाईदलाच्या 1 स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पहाटे पाकिस्तानच्या या मोठ्या तळावर चालून गेली. स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या खरं तर राखीव होते, ऐनवेळी सामील झाले. परतताना मागून पाकिस्तानी एफ-104 आलं. मिस्टेअरच्या दुपटीनं वेगवान विमान, नव्यातलं नवं. त्याच्या माऱ्यानं देवय्यांचं विमान जखमी झालं, तरी ते वळले आणि झुंजले. स्टारफायटर पडलं, त्याचा चालक अमजद हुसेन पॅराशूटनं वाचला. देवय्या परतले नाहीत. बाकीचे सगळे पुढे निघून आलेले, आपल्या बाजूनं हे कुणीच पाहिलं नव्हतं. आपल्या दप्तरात नोंद पडली 'बेपत्ता'. एक्का व्हायला पाच लागतात, देवय्यांचं होतं एक, आणि तेही खात्यावर चढलेलं नव्हतं.

ते चढलं पाकिस्तानी बाजूनं. तिकडच्या हवाईदलाच्या सहकार्यानं एका ब्रिटिश लेखकानं युद्धाचा इतिहास लिहिला, तो 1979 मध्ये छापून आला. पाकिस्तानचं एक स्टारफायटर मिस्टेअरशी झुंजताना पडलं, हे त्यात त्यांच्या बाजूनं सरळ मांडलेलं होतं. इकडे तारखा, विमानं, माणसं लावून बघितल्यावर ते मिस्टेअर देवय्यांचंच असणार हे स्पष्ट झालं. 1988 साली त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आलं, घटनेनंतर 23 वर्षांनी. शत्रूनं आपल्या नुकसानीत लिहिलेल्या एका नोंदीवरून इकडची जमा झाली. हे प्रकरण मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "मग यादीत ते कितव्या नंबरवर येतात?" येत नाहीत म्हटलं.